रवांडांतील एका लहान फुटबॉल संघाचा उदय व अस्त

फुटबॉलचा मोसम सुरू झाला म्हणजे आमच्या शाळेच्या मैदानावर परदेशी क्लबांचे शर्ट घातलेलीं मुलें दिसूं लागतात. त्यांत लंडनच्या आर्सेनल क्लबाचा तांबडा शर्ट फार. २०१८ सालापासून कांहीं वर्षें त्या शर्टाच्या बाहीवर ‘रवांडास भेट द्या’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापलेले असत. हें रवांडा काय आहे, असें आठवींतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें; तें एखाद्या कापडगिरणीचें नांव असावें असा त्याच्या सोबत्याचा तर्क होता. तो एक देश असून प्रवाशांस आकर्षून घेण्यासाठीं त्या क्लबास पैसे देऊन ही जाहिरात करण्यांत येत होती, असें आम्हीं सांगितलें, तेव्हां लागलाच दुसरा प्रश्न आला: “मग त्या देशाचे स्वतःचे क्लब नाहींत काय?” आहेत. कांहीं जुने व बळकट आहेत, कांहीं जेमतेम तग धरून आहेत, आणि कांहीं होते ते आतां नाहींत. या शेवटच्या वर्गांतील एका संघाची हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. मोठ्या क्लबांच्या कथा वर्तमानपत्रें रोज सांगतातच. लहान संघ कसा वर येतो व कसा नाहींसा होतो हें सहसा कोणी सांगत नाहीं. संघाचें नांव आत्राको.

प्रथम देशाची थोडी ओळख करून घेऊं. रवांडा हा आफ्रिका खंडाच्या मध्यभागीं, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेला आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें २६,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढें. परंतु २०२२ सालच्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या एक कोट तीस लक्षांहून अधिक भरली. त्यास सहस्र टेकड्यांचा देश म्हणतात, आणि तें नांव उगीच पडलेलें नाहीं. पहिल्यानें जर्मनांच्या व पहिल्या महायुद्धापासून बेल्जमच्या ताब्यांत असलेला हा मुलूख १ जुलै १९६२ रोजीं स्वतंत्र झाला. फुटबॉलचा खेळ तेथें पोंचला तो गोऱ्या अंमलदारांच्या आणि मिशनऱ्यांच्या शाळांच्या द्वारें. आपल्याकडेहि तो पलटणींतून व शाळांतूनच पसरला, हें वाचकांस ठाऊक असेलच. रवांडास समुद्रकिनारा नाहीं, आणि आगगाडीहि नाहीं. हें शेवटचें वाक्य वाचतांना विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबावें, कारण आमच्या संघाच्या जन्माचें मूळ त्यांत आहे.

ज्या देशांत आगगाडी नाहीं तेथें माणसांची सारी ये-जा रस्त्यांवरून चालणार हें उघड आहे. किगाली ही राजधानी टेकड्यांच्या माथ्यांवर व उतारांवर पसरलेली. एका टेकडीवर घर, दुसऱ्या टेकडीवर कचेरी, आणि मध्यें खोल दरी. दहापंधरा उतारू दाटीवाटीनें बसवून नेणाऱ्या लहान मोटारी, पांढऱ्या रंगाच्या व कडेनें पिवळा पट्टा ओढलेल्या, हेंच अनेक वर्षें तेथील सामान्य माणसाचें वाहन होतें. न्याबुगोगो येथील मोठ्या मोटारतळावर देशाच्या चारी दिशांस जाणाऱ्या गाड्या उभ्या असतात. या लहान मोटारींच्या मालकांची जी संघटना किगालींत झाली तिच्या फ्रेंच नांवाच्या आद्याक्षरांवरून ‘आत्राको’ हा शब्द बनला. त्याचा अर्थ सार्वजनिक वाहतूक करणाऱ्यांची मंडळी, इतकाच. कोणती गाडी कोणत्या रस्त्यानें जाईल, तळावर रांग कशी लागेल, हें संघटना पाही, आणि त्याबद्दल सभासदांकडून वर्गणी घेई. एकेका गाडीची वर्गणी थोडी असली तरी गाड्या पुष्कळ. तेव्हां पेटींत पैसा जमे. त्या पैशांतूनच फुटबॉलचा संघ उभा राहिला व मंडळीचेंच नांव त्यास मिळालें.

मोटारवाल्यांनीं फुटबॉलचा संघ कां पोसावा, असें कोणी विचारील. याचें उत्तर त्या देशांतील क्लबांची व्यवस्था पाहिल्याखेरीज नीट समजणार नाहीं. तेथें क्लबाच्या मालकीचें मैदान सहसा नसतें. मैदानें सरकारचीं किंवा शहराचीं असतात. तिकिटांचें उत्पन्न बेताचें. तेव्हां क्लब चालतो तो कोणाच्या तरी आश्रयानें. ए. पी. आर. हा सर्वांत बलाढ्य संघ सैन्याचा आहे. पोलिसांचा स्वतंत्र संघ आहे. ए. एस. किगाली या संघास राजधानीच्या नगरसंस्थेचा आधार आहे. किवू सरोवराच्या कांठच्या रुबावू येथील एतँसेल, ज्याचा अर्थ ठिणग्या, किंवा दक्षिणेकडील हुये येथील मुकुरा, असे संघ आपापल्या जिल्ह्याच्या तिजोरीकडे पाहून दिवस काढतात. अशा पंक्तींत मोटारमालकांच्या मंडळीनें आपलेंहि पान मांडिलें तर नवल नाहीं. संघाचें नांव गाजलें म्हणजे मंडळीचें नांव गाजतें. आणि शिवाय मोटार हांकणारा माणूस दिवसभर उतारूंच्या तोंडून फुटबॉलच्याच गोष्टी ऐकत असतो.

आतां या संघानें काय केलें तें पाहूं. त्यासाठीं रवांडाच्या अजिंक्य संघांची यादी पुढें ठेविली पाहिजे. २००५, २००६ व २००७ या तिन्ही सालीं अजिंक्यपद ए. पी. आर. संघाकडे गेलें. पुढें २००९, २०१०, २०११ व २०१२ या चारहि सालीं तें त्याच संघाकडे राहिलें. आठ वर्षांच्या या माळेंत सात मणी एकाच रंगाचे आहेत. मध्येंच २००८ चा एक मणी तेवढा वेगळा. त्या सालीं आत्राको अजिंक्य झाला. ज्या संघामागें देशाचें सैन्य उभें आहे, त्याच्या हातून ढाल काढून घेणें ही गोष्ट किती अवघड असेल याची कल्पना मुलांनींच करावी. लीग म्हणजे एका दिवसाची लढत नव्हे. एखाद्या सामन्यांत दुबळा संघ दैवानें जिंकतो. परंतु लीगमध्यें प्रत्येक संघाशीं दोन वेळां, एकदां आपल्या मैदानावर व एकदां त्याच्या, खेळून गुणांची बेरीज करावी लागते, आणि त्या बेरजेंत दैवाचा अंश फार थोडा उरतो. पांवसांत, चिखलांत, जखमी गडी घेऊन, महिनोन्‌महिने टिकणाऱ्यासच तेथें फळ मिळतें. म्हणून २००८ च्या त्या विजयास आम्ही पुढच्या विजयापेक्षांहि मोठा मानतों, जरी जगांत गाजला तो पुढचाच.

तो पुढचा विजय असा. पूर्व व मध्य आफ्रिकेंतील देशांच्या क्लबांची एक स्पर्धा १९७४ पासून होत आली आहे. २००२ सालापासून रवांडाचे अध्यक्ष पॉल कागामे यांनीं तिच्या बक्षिसांसाठीं दरसाल साठ हजार डॉलर देण्यास आरंभ केला, आणि तेव्हांपासून तिला कागामे चषक म्हणूं लागले. रवांडाच्या संघांपैकीं प्रथम १९९८ सालीं रेयों स्पोर्ट या संघानें ही स्पर्धा जिंकली, नंतर २००४ व २००७ सालीं ए. पी. आर. नें. २००९ सालीं ती सुदान देशांत खार्टूम येथें भरली. आत्राकोचा शिक्षक त्या वेळीं युगांडाचा सॅम टिंबे हा होता. संघ एकेक पायरी चढत अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि तेथें त्याच्यापुढें उभा ठाकला यजमानांचाच संघ, अल-मेरीख.

या प्रतिस्पर्ध्याविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. अल-मेरीख म्हणजे अरबी भाषेंत मंगळ ग्रह. नाईल नदीच्या कांठीं, खार्टूमच्या समोरच्या ओमदुर्मान शहरांतील हा संघ १९०८ पासूनचा असल्याचें सांगतात. म्हणजे रवांडांत पहिला क्लब निघण्याच्या कितीतरी आधीचा. १९८९ सालीं त्यानें आफ्रिका खंडांतील चषकविजेत्यांची स्पर्धा जिंकली होती आणि २००७ सालीं खंडाच्या दुसऱ्या एका मोठ्या स्पर्धेंत तो अंतिम सामन्यापर्यंत पोंचला होता. त्याचें स्वतःचें मैदान आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचे चाहते आहेत. अशा संघास त्याच्याच देशांत, त्याच्याच लोकांच्या आरडाओरड्यांत, मोटारमालकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संघानें एक विरुद्ध शून्य असें हरविलें. एकच गोल, परंतु त्यानें चषक किगालीस आला. रवांडाच्या ज्या संघांनीं तोंवर हा मान मिळविला होता त्यांत एक होता देशांतील सर्वांत लोकप्रिय आणि दुसरा सैन्याचा. तिसरें नांव आत्राकोचें लागलें.

येथें आमच्यांतील गणिताचा शिक्षक जागा होतो, त्यास वाचकांनीं क्षमा करावी. या स्पर्धेंतील विजेत्यास तीस हजार डॉलर मिळत. रक्कम ऐकण्यास मोठी वाटते. परंतु संघांत पंचवीस खेळाडू धरले तर प्रत्येकाच्या वांट्यास बाराशें डॉलर येतात, आणि वर्षाचे बारा महिने धरले तर महिन्यास शंभर. त्यांत शिक्षकाचा पगार आलेला नाहीं. बूट, चेंडू, औषधपाणी, प्रवास, परगांवीं उतरण्याचा खर्च, कांहींच आलेलें नाहीं. म्हणजे सर्वांत मोठें यश मिळूनहि त्या यशाच्या पैशावर संघ एक वर्षसुद्धां धड उभा राहूं शकत नव्हता. खर्चाचा भार उचलीत होती ती मंडळी, आणि ती मंडळी मुख्यतः मोटारी चालविण्यासाठीं निघालेली होती, फुटबॉलसाठीं नव्हे.

उताराची हकीकत चढाच्या हकीकतीइतकी लांब नाहीं. बहुतेक वेळां ती तशी नसतेच. खार्टूमच्या विजयानंतर दोनतीन वर्षांच्या आंतच आत्राको हें नांव रवांडाच्या लीगमधून नाहींसें झालें. २०११ सालीं ती मोटारमालकांची मंडळीच मोडली आणि तिच्या जागीं वाहतुकीच्या सहकारी संस्थांचा एक नवा संघ स्थापन झाला; वाचकांचा घोटाळा होऊं नये म्हणून सांगतों कीं हा ‘संघ’ सहकारी संस्थांचा, फुटबॉलचा नव्हे. २०१३ सालीं किगालीचे रस्ते वांटून तीन वाहतूक संस्थांकडे सोंपविण्यांत आले, मोठ्या बसगाड्या आल्या, आणि ज्या लहान पांढऱ्या मोटारींच्या वर्गणीवर चषक जिंकला गेला होता त्या राजधानीच्या मुख्य रस्त्यांवरून मागें हटल्या. शहराच्या दृष्टीनें हा बदल वाईट होता असें आम्हांस वाटत नाहीं. उतारूंची सोय पाहणें हेंच वाहतुकीचें काम. परंतु खेळाडूंच्या दृष्टीनें पाहतां, त्यांच्या डोक्यावरचें छप्पर असें दुसऱ्याच कोणाच्या हिशेबाच्या वहीवर टेंकलेलें होतें, आणि ती वही मिटली तेव्हां त्यांच्या खेळांतील गुणदोषांचा प्रश्नच उरला नाहीं. संघ हरला म्हणून बुडाला, असें येथें झालेलें नाहीं. तो जिंकत असतांना त्याच्या पायाखालची जमीन काढली गेली.

आश्रयदाता गेला म्हणजे संघ जातो, याचा आणखी एक दाखला त्याच देशांत, फार अधिक भयंकर स्वरूपांत, पूर्वीं घडला होता. १९८० नंतरच्या दशकांत तेथें ‘पांथेर न्वार’, म्हणजे काळे चित्ते, या नांवाचा संघ अनेक वेळां अजिंक्य झाला. तोहि सैन्याचाच होता, परंतु त्या वेळच्या सरकारच्या सैन्याचा. १९९४ सालच्या एप्रिलपासून जुलैपर्यंत, सुमारें शंभर दिवसांत, तुत्सी लोकांची व त्यांच्या संहारास विरोध करणाऱ्या अनेक हुतू लोकांची कत्तल झाली. आठ लक्षांहून अधिक माणसें मारलीं गेलीं. अखेरीस तें सरकार व तें सैन्य नष्ट झालें, आणि काळे चित्तेहि त्याबरोबर गेले. त्यांच्या जागीं नव्या सैन्याचा, १९९३ सालीं युद्ध चालू असतांनाच निघालेला ए. पी. आर. हा संघ आला.

परंतु त्याच प्रलयांतून एक संघ वांचला, आणि तो कां वांचला हें समजलें म्हणजे आत्राको कां वांचला नाहीं हेंहि समजतें. हा संघ रेयों स्पोर्ट, स्थापना १९६८, जन्मस्थान न्यान्झा, जेथें पूर्वीं रवांडाच्या राजांची गादी होती. त्याचा रंग निळा. लोक त्यास ‘गिकुंदिरो’, म्हणजे लाडका, म्हणतात. १९९४ सालीं त्याचा गोलरक्षक होता एरिक यूजीन मुरंग्वा, जातीनें तुत्सी. कत्तल सुरू होतांच सैनिक त्याच्या घरांत शिरले व शस्त्रें शोधूं लागले. सामान उलथेंपालथें करतांना छायाचित्रांचें एक पुस्तक खालीं पडलें. त्यांत रेयों संघाच्या पोषाखांतील त्याचीं चित्रें होतीं. एका सैनिकानें तीं पाहिलीं आणि आपण कोणास मारावयास आलों आहों हें त्याच्या ध्यानांत आलें. हा तर आपला गोलरक्षक! थोड्याच दिवसांपूर्वीं रेयोंनें सुदानच्या अल-हिलाल या संघास आफ्रिकेच्या स्पर्धेंतून बाहेर काढिलें होतें, आणि त्या विजयाचा आनंद हुतू व तुत्सी दोघांनींहि मिळून केला होता. सैनिकानें बंदूक खालीं घेतली. पुढें मुरंग्वास त्याच्या हुतू सोबत्यांनीं, जे त्याच संघांत त्याच्याबरोबर खेळत, आपला जीव धोक्यांत घालून लपविलें. तो वांचला, पुढें इंग्लंडांत राहूं लागला, आणि खेळाच्या द्वारें मनें जोडण्याचें काम त्यानें हातीं घेतलें.

ही कथा मुलांस सांगतांना एक गोष्ट लपवितां येत नाहीं, ती अशी कीं रेयोंच्याच कित्येक खेळाडूंस व चाहत्यांस अशी वाट सांपडली नाहीं. एका गोलरक्षकास चित्रांच्या पुस्तकानें वांचविलें म्हणून फुटबॉल हें संहारावर औषध आहे असें कोणी समजूं नये. आम्ही एवढेंच दाखवीत आहों कीं त्या सैनिकाच्या मनांत त्या संघाविषयीं कांहीं तरी होतें, जें कोणा कंपनीनें किंवा मंडळीनें पैसे देऊन तेथें ठेविलेलें नव्हतें. त्या ‘कांहीं तरी’च्या बळावर रेयों आजवर जगला आहे. त्याची पेटी वारंवार रिकामी होते. पदाधिकाऱ्यांचे तंटे तर इतके झाले कीं २०२० सालीं सरकारच्या देखरेख मंडळास मध्यें पडावें लागलें. २०१२ सालीं अडचणीच्या काळांत न्यान्झा जिल्ह्यानें त्यास पुनः आपल्या घरीं आसरा दिला आणि २०१३ सालीं तो अजिंक्य झाला. २०१८ सालीं आफ्रिकेच्या एका स्पर्धेंत उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत जाणारा तो रवांडाचा पहिला क्लब ठरला. आश्रयदाते आले नि गेले. निळे शर्ट घालून मैदानावर येणारे लोक मात्र गेले नाहींत. आत्राकोस असे लोक जमविण्यास वेळच मिळाला नाहीं. चाहते जमण्यास एक पिढी लागते, बाप मुलास बोट धरून मैदानावर नेतो तेव्हां कोठें तें काम होतें. आणि आत्राकोचें यश एका इयत्तेंतून दुसरींत जाण्याइतक्या काळांत येऊन संपलें.

आमच्या विद्यार्थ्यांस अधिक जवळचा वाटेल असा तिसरा एक प्रकार सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं, कारण तो त्यांच्याच वयाच्या मुलांचा आहे. २०११ च्या जानेवारींत सतरा वर्षांखालील मुलांची आफ्रिकेची स्पर्धा रवांडांतच भरली. रिशार तार्दी या फ्रेंच शिक्षकाच्या हाताखालीं तयार झालेला रवांडाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि तेथें बुर्किना फासोकडून दोन विरुद्ध एक असा हरला. तरी त्या कामगिरीनें त्यांस मेक्सिकोंतील जागतिक स्पर्धेचें दार उघडलें. रवांडाचा कोणताहि संघ, मोठ्यांचा किंवा लहानांचा, तोंपर्यंत फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेंत गेला नव्हता. तेथें इंग्लंडशीं दोन गोलांनीं व उरुग्वेशीं एका गोलानें ते हरले, कानडाशीं सामना बरोबरींत सुटला. इंग्लंडच्या त्या संघांत सोळा वर्षांचा रहीम स्टर्लिंग होता. पुढें त्याचें नांव जगभर झालें.

या मुलांची जूट मोडूं नये म्हणून त्याच वर्षीं त्यांचा ‘इसोंगा’ नांवाचा क्लब करण्यांत आला व त्यास एकदम देशाच्या पहिल्या श्रेणींत खेळावयास लाविलें. इसोंगा म्हणजे शिखर. हेतु उत्तम होता. परंतु यांतील अडचण वाचकांच्या लक्षांत आलीच असेल: पहिल्या श्रेणींत समोर येतात ते पंचविशी-तिशीचे, अनेक हंगाम खेळून मुरलेले गडी, आणि ज्या पोराचा खेळ खुलतो त्यास मोठे क्लब उचलून नेतात. संघाचा कर्णधार एमेरी बायिसेंगे ए. पी. आर. मध्यें गेला व तेथून पुढें मोरोक्कोंतील एका क्लबांत. त्या मुलाच्या दृष्टीनें हें भाग्यच, आणि देशाच्या राष्ट्रीय संघासहि तो उपयोगी पडला. मात्र ज्या क्लबाचे चांगले गडी निघून जाणें हेंच त्याचें यश मानावयाचें, त्या क्लबानें गुणांच्या तक्त्यावर वर कसें राहावें? कांहीं हंगामांनंतर इसोंगा खालच्या श्रेणींत घसरला. पुढें हेंच नांव शाळांतून मुलांस खेळाचें शिक्षण देण्याच्या एका सरकारी योजनेस मिळालें, आणि आमच्या मतें तें तेथेंच अधिक शोभतें. शाळेच्या संघांतील मुलें दर वर्षीं निघून जावयाचींच असतात. त्याबद्दल कोणी शाळेस हरली म्हणत नाहीं.

पुनः आत्राकोकडे वळूं. त्याचे खेळाडू इतर संघांत पांगले. किगालींतील न्यामिरांबो भागांतील जें जुनें क्रीडांगण राजधानीच्या अनेक क्लबांचें समाईक घर आहे, त्याची दुरुस्ती होऊन २०२३ च्या मार्चमध्यें ब्राझिलच्या पेले या महान खेळाडूचें नांव त्यास देण्यांत आलें. शहरांतील मोठें अमाहोरो क्रीडांगण, जेथें १९९४ सालीं हजारों लोकांनीं संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांच्या आसऱ्यानें जीव वांचविला होता, तें वाढवून सुमारें ४५,००० प्रेक्षकांचें झालें व २०२४ च्या जुलैंत पुनः उघडलें. शिक्षक सॅम टिंबे टांझानियांत गेला आणि २०११ सालीं दार-एस-सलामच्या यंग आफ्रिकन्स संघाबरोबर त्यानें तोच कागामे चषक पुनः जिंकला. त्यानें ही स्पर्धा चार निरनिराळ्या क्लबांबरोबर जिंकली आहे. युगांडांतील दोन क्लब व टांझानियांतील हा एक, असे तीन आजहि खेळत आहेत.

राहिला अल-मेरीख. २०२३ च्या एप्रिलमध्यें सुदानांत दोन सेनापतींमध्यें युद्ध पेटलें आणि खार्टूम व ओमदुर्मान हीं शहरें रणांगण झालीं. देशांतील लीग बंद पडली. मेरीख व त्याचा सनातन प्रतिस्पर्धी अल-हिलाल हे दोन्ही संघ घर सोडून निघाले. २०२४ च्या हंगामांत ते आफ्रिकेच्या पश्चिम टोंकास, मॉरिटानिया देशाच्या लीगमध्यें, पाहुणे म्हणून खेळले. नंतर २०२५ सालीं रवांडाच्या लीगनें त्यांस आपल्याकडे जागा दिली. मैदान गेलेला, देश पेटलेला मेरीख असा किगालींत येऊन खेळूं लागला, आणि रेयों, ए. पी. आर., मुकुरा, एतँसेल हे संघ त्याच्या सामन्यांच्या यादींत आले. २००९ सालीं त्यास त्याच्या घरीं हरविणाऱ्या संघाचें नांव मात्र त्या यादींत नव्हतें.